दुरुस्तीला गेलेल्या कॉट

मी नोकरीत नेमकं काय करतो, हे मला आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. "नवीन कम्प्युटर बसवतोस का?" ती विचारते. नाही. "मग बिघडलेले नीट करतोस?" तेही नाही. एखाद्या संस्थेला नवीन काही बनवून हवं असतं, तेव्हा आधी तिथे जाऊन जुनं काय आहे ते बघून यायचं, हे माझं काम. कुठला प्रोग्राम आहे, तो कोण वापरतं, कोण वापरत नाही, एकच गोष्ट किती ठिकाणी लिहिली जाते, कुठे अडतं. मग त्याचा अहवाल लिहायचा. पुढचं बांधकाम दुसरे करतात. हे सगळं ऐकून आई म्हणाली, "म्हणजे मुलगी बघायला जाणारा तू, आणि लग्न भलत्याचंच."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. शाळा तिथेच झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी मी ठाण्यात एका वसतिगृहात राहिलो. ते वसतिगृह नोकरीतून निवृत्त झालेली काही माणसं चालवत. कुणी बँकेतले, कुणी कारखान्यातले. आम्हाला जेवायला वेळेवर मिळतंय ना, पांघरुणं पुरतायत ना, हे ते स्वतः येऊन बघायचे. त्यांचं मी काही फेडू शकलेलो नाही. त्यामुळे पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि हातात कापडी पिशवी असलेला साठी-सत्तरीचा माणूस समोर आला, की मी नकळत सरळ उभा राहतो. कामात ही सवय आड येते. ज्याच्या व्यवस्थेत खोट काढायची, त्याच्यासमोर असं उभं राहून चालत नाही.

आणि खरं सांगायचं तर मी दमलो आहे. कामाचे तास फार आहेत असं नाही. ठाण्यात बाळकुमच्या आमच्या ऑफिसात एसी आहे, चहाचं मशीन आहे, गावाकडच्या कुणाला दाखवलं तर त्याला ही नोकरी म्हणजे सुखच वाटेल. दमवतं ते हे, की मी बघायला जातो तोवर सगळं ठरलेलं असतं. काय बनवायचं, कितीला बनवायचं, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं. माझा अहवाल म्हणजे पत्रिका छापून झाल्यावर केलेली चौकशी. तरी मी तो मनापासून लिहितो. दुसरं काही येत नाही म्हणून असेल.

एकदा मला रुग्णांसाठी साहित्य देणाऱ्या एका संस्थेकडे पाठवलं. अशा संस्था आमच्या भागात बऱ्याच आहेत. घरात कुणी आजारी पडलं की व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, ऑक्सिजनचं मशीन, डोक्याकडून वर होणारी लोखंडी कॉट, हे सगळं अनामत ठेवून न्यायचं आणि गरज संपली की परत आणून द्यायचं. या संस्थेचं मुख्य केंद्र डोंबिवलीत, एक कल्याणला आणि ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या मागे एक छोटी खोली. चालवणारे सगळे स्वयंसेवक. एका कंपनीने त्यांना देणगी देऊ केली होती. त्यातून काही नवीन कॉट घ्यायच्या आणि अ‍ॅप बनवायचं. अ‍ॅप आमची कंपनी बनवणार होती. कारण उघड होतं. कॉट सतत कमी पडत होत्या आणि कुठल्या केंद्रात काय शिल्लक आहे ते कुणालाच धड कळत नव्हतं.

डोंबिवलीला एका सभासदाच्या मुलाने परदेशी जाण्याआधी लिहून दिलेला प्रोग्राम होता. तो एकाच जुन्या कम्प्युटरवर चालायचा आणि त्या कम्प्युटरवर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी होती. कल्याणला एक्सेलची शीट. खोपटला काहीच नाही, तिथले एक गृहस्थ वस्तू गेली की तिचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे आणि खाली लिहायचे, 'गेली'. परत आली की तोच फोटो, 'आली'. मधल्या काळात ग्रुपवर सुप्रभात आणि वाढदिवस. या तिन्हीचा मेळ घालून आठवड्यातून एकदा डोंबिवलीच्या प्रोग्राममध्ये भरायचं. प्रत्येक वस्तूपुढे तीनच पर्याय होते. आत, बाहेर, दुरुस्ती.

मी पहिल्या दिवशी कल्याणच्या केंद्रात बसलो होतो. तिथला काउंटर सांभाळणाऱ्या बाई टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, सगळे त्यांना मावशी म्हणत. मी त्यांच्या शेजारी बसून शीट चाळत होतो, तेवढ्यात पस्तिशीची एक बाई आत आली. खांद्याला पर्स, पायात घाई.

"मावशी, लागला का माझा नंबर?"

"अगं, काल सांगितलं ना, एकपण नाही. मी काय पदरात लपवून ठेवते का कॉट?"

"शनिवारी घरी सोडणारेत ओ. डॉक्टर बोलले, सपाट झोपवून भरवायचं नाही. घास छातीत जाईल."

"मग त्यांना म्हणावं, ठेवून घ्या अजून आठ दिवस."

"म्हणते की. बिल तुम्ही भरा."

"जीभ बघा हिची! नवऱ्यापुढे पण अशीच चालते का?"

"त्यांच्यापुढे आता माझीच चालते. त्यांची कुठे चालतेय," ती म्हणाली. हसून म्हणाली, पण ते हसू वाक्याबरोबरच संपलं.

तिचा नवरा रिक्षा चालवायचा. पॅरालिसिसचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं, गिळताना ठसका लागायचा. ती बाजारपेठेत एका साडीच्या दुकानात काउंटरवर होती आणि दुपारच्या सुट्टीत इथे येत होती. घर कोळसेवाडीत, एक खोली आणि स्वयंपाकघर, सोबत सासू. मावशींनी तिला आधी पाणी दिलं, मग उशांचा उतार कसा करायचा ते सांगितलं. दोन उशा खाली, एक वर, पाठीशी चादरीची गुंडाळी.

"करून बघितलं हॉस्पिटलात. ते घसरतात. वजन आहे त्यांना." ती उठली. "उद्या येते."

"नको येऊ गं उन्हाची. फोन कर."

"फोनवर तुम्ही पटकन नाही म्हणता. समोर आलं की जरा वेळ लावता."

ती गेल्यावर मी परत शीटकडे वळलो, शेजारी डोंबिवलीच्या प्रोग्राममधून काढलेली यादी ठेवली. कल्याण आणि डोंबिवली मिळून ज्या कॉट होत्या, त्यांतल्या निम्म्या बाहेर होत्या, आत एकही नव्हती आणि उरलेल्या सगळ्यांपुढे दुरुस्ती. मी मावशींना विचारलं, "दुरुस्तीला कुठे देता?"

"होते दुरुस्ती."

"करतं कोण पण?"

"ते काकांना विचार," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी फोन हातात घेतला. फोन वाजलेला नव्हता.

काका म्हणजे संस्थेचे सचिव. डोंबिवलीच्या केंद्रात बसायचे. आयुष्यभर एका कारखान्यात इंजिनीअर होते आणि बोलणं तसंच, मोजून मापून. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. लोखंडी कॉट, तिला एक हँडल आणि एक आट्यांचा दांडा, त्यात इतकं बिघडतं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, "यंत्र आहे, बिघडतं. चल, चहा घेऊ." चहा झाला. मी परत विचारलं. ते म्हणाले, "तुझं गाव कुठलं म्हणालास?" मी गाव सांगितलं. मग वसतिगृहाचं नाव निघालं, तिथल्या एका व्यवस्थापकांना ते ओळखत होते, आणि मी पुन्हा सरळ उभा राहायच्या बेताला आलो. तसाच परत गेलो असतो तर अहवालात एक वाक्य आलं असतं, 'दुरुस्ती प्रक्रियेचा कालावधी कमी करावा,' आणि अ‍ॅपमध्ये दुरुस्तीसाठी एक सुंदर स्क्रीन आला असता. तशी वाक्यं मी आधी लिहिलेली आहेत.

पण ती बाई त्या दिवशीही दुपारी कल्याणला येऊन गेली असणार, हे डोक्यातून जात नव्हतं. मी म्हटलं, "काका, दुरुस्तीच्या कॉट बघता येतील का? अहवालात लिहावं लागेल, कुठला भाग जातो ते."

त्यांनी ड्रॉवरमधून किल्ली काढली.

इमारतीच्या मागे पत्र्याची एक शेड होती. आत कॉट भिंतीला लावून उभ्या, प्रत्येकीवर प्लास्टिक. पुसलेल्या, कोरड्या. मी एकीचं प्लास्टिक काढलं, ती खाली घेतली आणि हँडल फिरवलं. डोक्याकडचा भाग अलगद वर आला. दुसरी घेतली. तीही. तिसरीला नुकतंच तेल दिलेलं होतं. हँडल फिरवून हात दुखायला लागले म्हणून मी त्याच कॉटवर बसलो.

"त्यावर बसू नकोस," काका पटकन म्हणाले.

मी उठलो. "का? काय झालंय हिला?"

"काही नाही झालेलं."

"मग?"

"अरे, माणूस गेला ना त्यावर. परवाच."

पुढचं त्यांनी मला उभ्या उभ्याच सांगितलं, प्लास्टिक परत गुंडाळता गुंडाळता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका घरून सकाळी कॉट परत आली आणि दुपारी दुसऱ्या घरी गेली. दोन्ही घरं एकाच गल्लीत. शेजाऱ्यांकडून त्या दुसऱ्या घरी कळलं, की कालच यावर अमके गेले. त्यांचा रुग्णही आठवड्यात दगावला. मुलगा केंद्रात आला आणि सगळ्यांसमोर नको ते बोलला. तेव्हापासून रीत पडली. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरची कॉट तेरावं होईपर्यंत पुढे द्यायची नाही. तोवर ती मागे ठेवायची. पण प्रोग्राममध्ये पर्याय तीनच. आत म्हटलं तर लोक मागतात. बाहेर म्हणावं तर बाहेर नाही. राहिली दुरुस्ती.

"आणि तेरा दिवस झाले की?"

"झाले की काढतो ना. म्हणजे ज्याच्या लक्षात येईल तो काढतो. कधी मध्ये अमावस्या येते, मग कुणी म्हणतं राहू दे अजून चार दिवस. कधी राहून जातं."

"राहून जातं म्हणजे किती, काका?"

त्यांनी शेडमधल्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथल्या दोन कॉटवरच्या प्लास्टिकवर धूळ होती.

"माणूस बरा होऊन किती कॉट परत येतात, सांग," मग ते म्हणाले. "वॉकर येतात, कुबड्या येतात. कॉट मागायला येतात तेव्हाच घरच्यांना कल्पना असते. त्यामुळे परत आली की बहुतेक इथेच येते."

मला हसू आलं नाही. आमच्याकडे आजोबा गेले तेव्हा त्यांच्या बाजेचे सुंभ विळ्याने कापून काढले होते आणि नुसती चौकट कितीतरी दिवस परसात उन्हात पडली होती. मी तेव्हा त्या चौकटीला वळसा घालून शाळेत जायचो. पदवी मिळाली म्हणून तो वळसा पूर्ण सरळ झाला, असं मी म्हणणार नाही. आत्ताही काकांनी सांगितल्यावर मी हात पँटला पुसले होते.

"हे अहवालात घालणार तू?" काकांनी विचारलं. आवाज सचिवाचा नव्हता. "त्या कंपनीचे लोक वाचतील. सायन्स शिकलेली माणसं आम्ही. म्हणतील, हे बघा, यांच्या हातात आपण देणगी देतोय."

"तसं नाही घालत. पण काका, कल्याणला एक बाई येते रोज. नवऱ्याला शनिवारी घरी सोडतायत. गिळता येत नाही त्याला."

"माहीत आहे. मावशीने फोन केला होता."

"मग द्या की यातली एक."

"आणि त्याला उद्या काही झालं तर? तिला कुठून तरी कळलं तर? ती तुझ्याकडे नाही येणार, माझ्याकडे येईल. मला नाही येणार तिला तोंड दाखवता."

"मग तिला विचारू. तिला चालत असेल तर..."

"विचारायचं काय?" काका एकदम चिडले. "आजारी माणसाच्या बायकोला? बाई, यावर कालच माणूस गेलाय, चालेल का तुला? असं विचारतात का रे कुणाला? तुमच्या गावाकडे विचारतात?"

न विचारता द्यावी तर फसवणूक, विचारावं तर तिच्या डोक्यात नको तो विचार आपणच घालायचा, आणि काहीच करू नये तर शनिवारी त्या माणसाला सपाट गादीवर भरवायचं. मी एवढंच म्हटलं, की धूळ बसलेल्या दोन कॉटचे तेरा दिवस नक्की होऊन गेलेत, त्या तरी द्या. काकांनी ते लगेच मानलं. आम्ही दोघांनी त्या खाली घेतल्या. इतके महिने पाणी कुठून तरी ठिबकत होतं, दोन्हींचा दांडा गंजून जाम झाला होता. हँडल हलेना. दुरुस्तीत ठेवून ठेवून शेवटी दोन कॉट खरोखरच दुरुस्तीला आल्या होत्या. काका त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "उद्या मी येतो कल्याणला."

शुक्रवारी दुपारी आम्ही रिक्षाने निघालो. पत्रीपुलावर गाड्या खोळंबलेल्या होत्या आणि काका सारखे घड्याळ बघत होते, तिची जेवणाची सुट्टी संपेल म्हणून. आम्ही पोचलो तेव्हा ती मावशींसमोर बसली होती, डबा उघडून. मावशी तिच्या डब्यातली भेंडी खात होत्या.

काकांनी खुर्ची ओढली, चष्मा काढला, पुसला. "हे बघा ताई, एक कॉट आहे. पण जरा अडचण आहे."

ती तशीच ताठ झाली. "मोडकी आहे का? चालेल. दोरीने बांधते मी."

"मोडकी नाही."

"गंजलेली? पुसून घेते ना."

"गंजलेली पण नाही. त्याचं काय आहे, आपली एक पद्धत..."

"अहो, सांगा ना सरळ!" मावशींनी घास गिळला. "अगं, माणूस वारलाय त्यावर. दिवस झाले नाहीत अजून. म्हणून देत नाहीत हे."

तिने डब्याचं झाकण लावलं. लावताना ते वाकडं बसलं, तिने काढून परत लावलं. बाहेर कुणीतरी व्हीलचेअर मागायला आलं होतं, मावशींनी हातानेच त्याला थांब म्हटलं.

"कोण होतं?" तिने विचारलं.

काकांना हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. मलाही नाही. माझ्या डोक्यात हो किंवा नाही, एवढे दोनच रकाने होते.

"एक आजी होत्या," काका म्हणाले.

"वय काय?"

"नव्वदीच्या घरात."

"फार हाल झाले का?"

"नाही. झोपेत गेल्या. आदल्या रात्री दूधभात खाल्ला होता म्हणे."

"पोरंबाळं?"

"सगळी जवळ. पणतवंड बघितलं त्यांनी."

ती विचार करत होती. मग ती म्हणाली, "हॉस्पिटलातल्या कॉटवर तरी कोण कोण गेलं असेल. तिथे कुठे कुणी विचारतं?"

"तेच मी म्हणते कधीपासून," मावशी म्हणाल्या.

"तू कधी म्हणालीस?" काका.

"मनात. तुमच्यापुढे मोठ्याने कोण म्हणणार!"

"ती आजींची द्या," ती म्हणाली. "चांगलं मरण आलं ना त्यांना. पण तीच द्या हां काका. दुसरी कुणाची नको."

कल्याणच्या मागच्या खोलीतही एक कॉट होती. जवळ होती, हातगाडीवरून तासाभरात पोचली असती. ती एका तरुण मुलाची होती. मला माहीत होतं, मावशींना माहीत होतं, आणि आम्ही कुणीही तिचा विषय काढला नाही. आजींची डोंबिवलीहून टेम्पोने आणायचं ठरलं.

निघताना ती दारात थांबली. "माझ्या सासूला मात्र कळू देऊ नका."

अहवाल मी पुढच्या आठवड्यात लिहिला. त्यात मी लिहिलं, 'परत आलेल्या काही कॉट काही काळ वितरणातून बाजूला ठेवल्या जातात.' त्यासाठी चौथा पर्याय असावा, त्यापुढे कधीपर्यंत ती तारीख असावी, तारीख उलटली की आठवण यावी आणि त्याआधी कुणाला अगदीच गरज असेल तर त्या घराला केंद्राने समजावून विचारावं. एवढं केलं तर नवीन कॉट कदाचित लागणार नाहीत, अ‍ॅपचीही घाई नाही, जुन्याच प्रोग्राममध्ये हे बसतं. माझ्या साहेबांनी ते पान वाचलं. ते वाईट माणूस नाहीत, मला नोकरीत त्यांनीच घेतलं होतं. "एक पर्याय वाढवायला आपल्याला कोण बोलावतं रे?" ते म्हणाले. अ‍ॅप झालं. नवीन कॉट आल्या. चौथा पर्याय मात्र मी मागे लागून घालून घेतला. काका तो वापरतात, तारीख घालतात. मावशी वापरत नाहीत. त्या फोनवर विचारतात, समोरच्या घराला, आपल्या पद्धतीने, आणि बहुतेक घरं पहिल्यांदा तेच विचारतात, कोण होतं. त्याचा रकाना मी अहवालात सुचवला नाही. कसा सुचवणार?

हे सगळं नंतरचं. शनिवारचं सांगायचं राहिलं.

कॉट घेऊन मी टेम्पोतून कोळसेवाडीला गेलो. खरं तर माझं काम नव्हतं. शनिवार सुट्टीचा आणि मला झोपायचं होतं, पण टेम्पोवाल्याला घर माहीत नव्हतं आणि काका एकटे चढउतार कसे करणार, असं मी स्वतःला सांगितलं. काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, मी मागे कॉट धरून.

चाळीचा जिना अरुंद होता. कॉटचे दोन भाग सुटे करून वर न्यावे लागले. शेजारची पोरंटोरं बाजूला झाली, कुणी म्हणालं, "आडवी नको रे, उभी घे, उभी." वरच्या मजल्यावरच्या एका बाईने स्वतःच्या दारातली चपलांची मांडणी उचलून आत नेली, कॉट वळावी म्हणून. खोलीत टीव्हीचं टेबल आधीच बाहेर काढून ठेवलेलं होतं. आम्ही कॉट जोडली. ती बाई नवऱ्याला आणायला दवाखान्यात गेली होती आणि सासू एकटीच घरात होती, नऊवारी नेसलेली, लहानखुरी. तिने तांब्यातून पाणी घेतलं, कॉटच्या चारी पायांवर थोडं थोडं सोडलं आणि हळदीकुंकवाची बोटं लावली. काका माझ्याकडे बघत होते आणि मी भिंतीकडे.

"संस्थेची आहे ना ही?" सासूने विचारलं.

"हो," काका म्हणाले.

"नवीन दिसते."

"नवीन नाही. पण चांगली आहे."

मग तिने कॉटवर हात फिरवला आणि विचारलंच. "याच्या आधी कोण होतं हिच्यावर?"

आयुष्यभर मोजून मापून बोललेला तो माणूस. मला वाटलं आता हे चष्मा काढणार, पुसणार आणि सगळं सांगून टाकणार. काकांनी चष्मा काढला नाही.

"एक आजी होत्या," ते म्हणाले. "नव्वदीच्या. बऱ्या झाल्या. आता हिंडतात-फिरतात."

"नव्वदीच्या? आणि हिंडतात?"

"हो, हो. कॉट परत करायला स्वतः आल्या होत्या. जिना उतरून."

"बघा!" सासू म्हणाली. तिने पुन्हा एकदा कॉटवर हात फिरवला, या वेळी सावकाश. काका घामाघूम झाले होते. मी त्यांना पाणी दिलं.

जिन्यावर आवाज झाला. त्याला खुर्चीत बसवून चौघं वर आणत होते, त्यातले दोघे रिक्षा स्टँडवरचे त्याचे मित्र. "अरे, मीटर टाक मीटर, वजन बघ याचं," त्यातला एक म्हणत होता. नवऱ्याचा चेहरा एका बाजूला ओढलेला, पण डोळे सगळं बघत होते. त्याला कॉटवर घेतलं. मी हँडल फिरवायला वाकलो, तर मागून आलेल्या त्याच्या बायकोने माझ्या हातातून ते काढून घेतलं. किती फेऱ्यांना किती वर होतं ते तिला आत्ताच बघायचं होतं. ती फिरवत गेली आणि तो हळूहळू उठून बसला, आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांच्या उंचीला आला.

सासूने गुरगुट्या भाताची वाटी आणली. बायकोने चमच्याच्या टोकावर थोडा घेतला, त्याची हनुवटी जरा खाली केली, हॉस्पिटलात शिकवलं होतं तसं, आणि डाव्या बाजूने भरवला. खोलीत इतकी माणसं होती आणि कुणी हलत नव्हतं. स्टँडवरच्या मित्राने तोंडावर हात धरला होता. नवऱ्याच्या गळ्यावरची गाठ एकदा वर गेली, अडली, खाली आली. ठसका लागला नाही. ती तरी चमचा तसाच धरून थांबली होती.

"गिळलं त्याने," सासू म्हणाली. "बघत काय बसलीस? दे अजून एक."